धुनीवरची चिलीम आणि ह्यांची छाती

५ जानेवारी १९५६, गुरुवार
सूनबाई लिहितेय, मी बोलतेय. ती मधेच हसते, ते लिहायचं नाही.
हे मठातून आले ते ओट्यावरच बसले. छातीवर हात. "काय न्हाई, जरा धडधडतंय." म्हटलं, आपलं लगीन लागलं तेव्हा एवढी धडधडली नव्हती. हसले नाहीत. तेव्हा मी भ्याले.

७ जाने., शनिवार
बैलगाडीनं चिंचवडला, डॉक्टरकडं. नळी लावली, नाडी धरली. काळीज दुबळं झालंय म्हणाला. "व्यसन काय?" हे म्हणाले, "तंबाखू. दुसरं काय न्हाई." तंबाखू आजपासून बंद. मीही मान डोलावली. गांजाचं नाव दोघांच्याही तोंडी आलं नाही. लपवलं म्हणावं, तर तसंही नाही. धुनीवरचा प्रसाद, त्याला व्यसन कोण म्हणतं? सरकारची बंदी आली तेव्हाही बंद झाली ती दारूच, गांजा नव्हे, असंच गावानं धरलं.

१३ जाने., शुक्रवार
शब्दाचे पक्के. तंबाखूची पिशवी चुलीत घातली. काल मठात बाबांना सांगितलं, डॉक्टरनं तंबाखू सोडवलीय. बाबांनी ह्यांच्या मानाखातर सगळ्यांचीच चिलीम बिनतंबाखूची भरली. नुसता गांजा. डॉक्टरची आज्ञा अशी पाळली!
घरी आले ते दोघांच्या खांद्यावर. ओठ पांढरे, अंग घामानं भिजलेलं. मनगट धरलं तर बोटाखाली चिमणी धरल्यागत.
आज थोडं दूध प्याले. सून म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टरला प्रसादाचं सांगाया पायजे."
व्हय. पायजे.

१६ जाने., सोमवार
लेक पिंपरीच्या औषध कारखान्यात जातो, त्याच्यासंगं निघाले. डॉक्टरला सगळं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. "आजी, गांजानं नाडी पळते. दुबळ्या काळजाला ते झेपत नाही. एखाद्या दिवशी थांबेल." ओरडला असता तर बरं वाटलं असतं.
ह्यांना सांगितलं. "बाबांच्या प्रसादाचं दवाखान्यात जाऊन व्यसन केलंस?" तेव्हापासून अबोला. परवाच तिळगूळ देऊन गोड बोल म्हणाले होते. रात्री मी वाढायला गेले तर भूक नव्हती, सुनेनं वाढलं तर जेवले. माझ्या हाताला काय गांजा लागलाय?

२० जाने., शुक्रवार
काल ह्यांच्या पाठोपाठ मठात गेले. बायका बाहेर पारावर बसतात. मी आत धुनीपाशी, ह्यांच्या शेजारी बसले. बाप्ये खोकले.
चिलीम फिरत आली. ह्यांनी आपला फडका भिजवून तिला गुंडाळला, कपाळाला लावली, आणि ओढली नाही. फडका काढून घेतला, चिलीम पुढं दिली. माझ्याकडं बघितलंही नाही.
बाबा हळूच म्हणाले, "पुढच्या येळंला पारावर बसा, तात्या. न ओढणाऱ्याची जागा तिकडं."
तरणेपणापासूनची जागा. उठले.
वाटेत धडधडतंय का विचारलं, तर नुसती मान हलवली, नाही म्हणून.
आज दिवसभर रिकाम्या पोत्यागत बसलेत. म्हटलं, येत्या गुरुवारी मी बी येते पारावर, बायकांच्या गप्पा धुनीपेक्षा गरम असतात.
दुपारी उठून चिलमीचा फडका स्वतः धुतला. पिळून दोरीवर टाकला. सांजेला सून वाळलेल्या कपड्यांसंगं तोही काढायला निघाली.
म्हटलं, राहू दे. ह्यांचा हेच काढतील.