पोटातलं शिसं

रविवार, १४ जून २००९

सुधीरच्या खांद्याचा चुरा झाला. ऑफिसात माझ्या शेजारी बसतो, आज माझं रिमोटवर उडणारं थर्माकोलचं ग्लायडर बघायला खडकवासल्याकडच्या डोंगरावर आला होता. वेग मोजायचं यंत्र धरून समोरच उभा राहिला. या विमानाला इंजिन नसतं. धारेवरचा वारा आणि पलीकडची शांत हवा, यांत फिरवलं की दर फेरीला वेग वाढतो. वजन असलं तर आणखी. म्हणून सकाळी मी विमानाच्या पोटात शिसं भरलं. त्याला सांगितलं नाही. आकडा बघून थक्क व्हावा म्हणून. सांगितलं असतं तर समोर उभा राहिला असता? एका फेरीला रिमोटवर माझा हात चुकला आणि विमान थेट त्याच्या खांद्यावर आदळलं.

हॉस्पिटलात त्याच्या बायकोनं विचारलं, "अहो, थर्माकोलचंच ना ते? मग एवढं कसं लागलं?"

"वारा फार होता, वहिनी."

उरलेलं शिसं खिशात मुठीत धरलं होतं.

"तुम्ही डबा खाऊन घ्या," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी आणलेला."

खाल्ला.