सतरा चिठ्ठ्यांचं पाकीट

१ फेब्रुवारी, रविवार

...तेव्हा नळाला पाणी साडेसहाला यायचं. मी पिंप भरत होते, मधेच तव्यावरची तांदळाची भाकरी उलटत होते, आणि हे ओट्याशेजारी स्टुलावर बसून संध्याकाळच्या सभेचं इतिवृत्त लिहीत होते. सभा संध्याकाळची, इतिवृत्त सकाळीच. "मालती, आज आभार कोण मानेल गं?" मी म्हटलं, मागच्या वेळी नाईकांनी मानले. "मग आज पाटील." लिहून टाकलं. संध्याकाळी पाटलांनीच आभार मानले, कारण ह्यांनी त्यांना सांगितलं की तसं लिहून झालंय. घरी येऊन किती हसलो होतो.

दिवसभर ती एकच सकाळ डोळ्यांपुढे. कारण आज पक्षाच्या आमच्या शाखेत पहिल्यांदा आधी सभा झाली आणि मग मी लिहिलं.

हे जाऊन दोन वर्षं चार महिने झाले. शाखेचे चिटणीस होते, सगळी रजिस्टरं आमच्या घरी, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मला शाळा सातवीपर्यंतच. बाकीचं वाचन ह्यांनी आणलेल्या पेपरांवर आणि वाचनालयाच्या पुस्तकांवर. पक्षाने आता मुख्य कार्यालयात पगारी माणसं नेमून नियमावली काढली आहे. ती मी पेन्सिल घेऊन तीनदा वाचली. शाखाध्यक्ष यापुढे टाळ्या वाजवून नाही, गुप्त मतदानाने. मी कार्यकारिणीत नाही, मला मत नाही, म्हणून निवडणूक अधिकारी मी.

मतदार सतरा. उमेदवार दोन. भाऊ, तेवीस वर्षं अध्यक्ष. आणि रोझी टीचर, शाळेतून निवृत्त झालेल्या. कोऱ्या चिठ्ठीवर एक नाव लिहायचं, घडी घालून डब्यात टाकायची. डबा बिस्किटांचा, झाकणाला मीच चीर पाडलेली.

मोजणी मी केली. टीचर नऊ, भाऊ आठ.

कोणी टाळी वाजवली नाही. भाऊंसाठी आणलेला हार भाऊंनीच टीचरच्या गळ्यात घातला. हसत होते. कानाच्या पाळ्या मात्र लाल.

चिठ्ठ्या पाकिटात घालून लाखेने बंद केल्या. तीस दिवस माझ्या ताब्यात. कपाटात ह्यांच्या शर्टांखाली ठेवल्यात.


३ फेब्रु., मंगळवार

जेवण जात नाही. कारण लिहूनच टाकते.

चिठ्ठीवर मत देणाऱ्याचं नाव नाही, सही नाही. पण हे होते तेव्हापासून शाखेच्या वह्यांमध्ये ह्या सतरा जणांचं अक्षर बघत आलेय. सूचना, अर्ज, हजेरी. चिठ्ठी उघडली की माणूस समोर उभं राहत होतं. नको म्हटलं तरी. एका चिठ्ठीशी मी वाचता वाचता थांबले. पाणी प्यायले. लोकांना वाटलं, घसा.

त्या एका चिठ्ठीने निकाल फिरला. ती कोणाची ते इथेही लिहीत नाही. गुप्त म्हणजे गुप्त.


६ फेब्रु., शुक्रवार

राजेश आला होता, भाऊंचा पुतण्या. सोबत दोघे. चप्पल दारात, मोबाइल हातात.

"काकू, सिंपल आहे. आमचे नऊ फिक्स होते. मी स्वतः मोजलेले. एक फुटला. कोण, तेवढं सांगा, विषय संपला."

"मला काय माहीत?"

"तुम्हीच तर चिठ्ठ्या वाचल्यात."

"नावं वाचली. माणसं नाही वाचली."

खोटं बोलले.

जाताना म्हणाला, "मंदाच असणार. तिची पोरं टीचरकडेच शिकली ना."

मंदा कार्यकारिणीत आहे. शाखेच्या ओट्यावर तिची चहाची टपरी, सात-आठ वर्षं. तिचं अक्षर मोठं, गोल, पेन इतकं दाबून लिहिते की कागद मागून फुगतो. मंदाने भाऊंनाच मत दिलंय. मी बघितलंय. मी एवढंच म्हणाले, उगाच कोणावर आळ घेऊ नका. राजेश हसला.


९ फेब्रु., सोमवार

टपरी हलवली. म्हणजे मंदाला हलवायला लावली. "पक्षाच्या जागेत खाजगी धंदा नियमात बसत नाही," असं राजेशने सांगितलं म्हणे. नियम आत्ताच आठवले.

मंदा दुपारी माझ्याकडे आली. स्टोव्ह रिक्षात, किटली हातात.

"काकी, आईशपथ मी भाऊलाच मत दिला. तुमी पायलाय. सांगा ना त्यांना."

"मला सांगता येत नाही गं."

"येत नाय की सांगायचा नाय?"

चहा ठेवते म्हटलं तर म्हणाली, "माज्याकडं आहे चहा. गिऱ्हाईक नाय." आणि गेली.

संध्याकाळी शाखेवरून आले. ओट्यावर स्टोव्हच्या जागी काळं वर्तुळ तेवढं राहिलंय.


११ फेब्रु., बुधवार

राजेशने भाऊंच्या नावाने लेखी तक्रार केली. फेरमोजणी रविवारी २२ तारखेला, अकरा वाजता, वसईच्या कार्यालयात. नियमाप्रमाणे उमेदवाराचा प्रतिनिधी प्रत्येक चिठ्ठी हातात घेऊन बघू शकतो. प्रतिनिधी राजेश.

मुख्य कार्यालयात प्राची मॅडमना फोन केला. नियमावली त्यांनीच लिहिलेली. मुलगी चांगली आहे, दरवेळी नीट ऐकून घेते.

"मॅडम, चिठ्ठ्या उघडल्या तर गुप्तता मोडेल."

"चिठ्ठीवर मतदाराचं नाव आहे का, ताई?"

"नाव नाही. अक्षर आहे."

पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "हा विचार आम्ही केलाच नव्हता. आमच्या डोळ्यांपुढे दोनशे-तीनशे मतदार होते. पुढच्या वेळी छापील चिठ्ठी आणि फुलीचा शिक्का करू."

"पुढचं ठीक आहे. ह्या सतरा जणांचं काय?"

"उमेदवाराने स्वतः तक्रार मागे घेतली तरच मोजणी थांबते."

उमेदवाराने स्वतः. फोन ठेवला.


१५ फेब्रु., रविवार. महाशिवरात्र

भाऊ आले. एकटे, चालत. असे एकटे ह्यांच्या बाराव्यालाच आले होते. उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी दिली.

ह्यांच्या फोटोकडे बघत राहिले. मग, "वहिनी, चिठ्ठ्या तुम्हीच उघडल्यात ना?"

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या, भाऊ."

चमचा वाटीत ठेवला.

आता लिहितेच. ती चिठ्ठी भाऊंची. भाऊ आधी लांब रेघ ओढतात आणि मग तिला खाली अक्षरं टांगतात, दोरीवर कपडे घालावेत तशी. शाळेच्या दाखल्यासाठी, दवाखान्यासाठी, त्यांनी लिहून दिलेली पत्रं आमच्या उमेळे गावात घरोघरी आहेत. अशा रेघेखाली "रोझी टीचर" लिहिलेलं.

म्हणाले, "माणसाने स्वतःचं नाव स्वतः कसं लिहावं हो? समोर बाई बसलेली. म्हटलं, एक मत मानाचं तिला. बाकी सोळा आहेतच."

मी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं.

"तेवीस वर्षं लिहायची वेळ कधी आलीच नाही. सदाच लिहायचा." सदा म्हणजे हे.

राजेशला नऊच माहीत होते. भाऊ सोळा धरून बसले होते. कोणी त्यांना सांगितलंच नाही.

मी म्हटलं, "तक्रार मागे घ्या ना."

"राजेशला कारण काय सांगू? सगळं गाव हसेल, वहिनी. स्वतःच्याच मताने पडला म्हणून."

"आणि मंदा?"

"बघू." खाली बघून म्हणाले. मग हळूच, "बाई सोडून बाकीचे सात कोण होते?"

"खिचडी गार होतेय, भाऊ."

उठताना कपाटाकडे नजर गेली. "लाकडाचं ना? आमच्याकडे वाळवीने यंदा कागद खाल्ले सगळे. तुमच्याकडे नाही लागत?"

"नाही. नाही लागत."

गेल्यावर कपाटाला कुलूप घातलं. ह्यांच्या कपाटाला आजवर कधी कुलूप नव्हतं.


१८ फेब्रु., बुधवार

टीचर चर्चमधून परस्पर आल्या. कपाळावर राखेचा क्रूस, आजपासून त्यांचा उपवासकाळ.

"मालतीबाई, मी सोडते अध्यक्षपद. मंदाचा संसार उठला माझ्यापायी."

"तुम्ही सोडलंत तर मोजणीच होणार नाही. मग मंदाने दगा दिला हे कायमचं राहील."

त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मी माझंच नाव लिहिलं हां. लाजले नाही. मुलींना जन्मभर शिकवलं, येत असेल तर हात वर कर. मग स्वतःच्या वेळी हात खाली ठेवू?"

मी हसले. बऱ्याच दिवसांनी. भाऊंच्या चिठ्ठीचं ओठांवर आलं होतं. परत गिळलं.

रोज तोच हिशेब, भांडी घासताना, दळण आणताना. मोजणी झाली तर मंदा सुटते. भाऊंचं हसं होतं. आणि टीचरना मत दिलेले बाकीचे सात उघडे पडतात, त्यांना राजेश सोडणार नाही. मोजणी थांबली तर ते सात वाचतात, भाऊ वाचतात आणि मंदा बुडते. कुठूनही धरलं तरी एक टोक सुटतंच.


२० फेब्रु., शुक्रवार

मंदा स्टेशनजवळ टोपली घेऊन बसली होती. थर्मासमधून चहा. मी पुढे जाऊन मागितला. दिला, पैसे घेतले, सुटे परत दिले. काकी म्हणाली नाही.


२१ फेब्रु., शनिवार

आज जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

त्या दिवशीच्या कोऱ्या चिठ्ठ्या शिल्लक आहेत. दुपारी दार लावून बसले. विचार असा, की सतराच्या सतरा चिठ्ठ्या मीच एका हाताने परत लिहायच्या. नऊ टीचर, आठ भाऊ. निकाल तोच. फक्त अक्षर कोणाचं नाही. लाख घरात आहेच. कोणाचं काय बिघडतं?

एक लिहिली. दुसरी लिहिली. दुसऱ्या चिठ्ठीशी ते स्टूल आठवलं, आणि "आज आभार कोण मानेल गं?"

जुनं रजिस्टर काढलं. दर दोन वर्षांनी ह्यांच्या सुंदर अक्षरात, "भाऊंची अध्यक्षपदी सर्वानुमते निवड झाली." सगळीकडे हेच वाक्य. कोणाचं काय बिघडतं, असं आम्ही तेव्हाही म्हणायचो. पण तेवीस वर्षं सगळ्यांचं मत एक होतं का, हे कोणाला कधी कळलंच नाही. भाऊंनाही नाही. ह्यांनी कधी कळूच दिलं नाही. माणूस चांगला होता, जीव लावणारा होता, आणि हे त्यानेच केलं. तव्यावर भाकरी उलटत मीही केलं.

दोन्ही चिठ्ठ्या फाडून चुलीत टाकल्या असत्या, पण आता चूल कुठली. गॅसवर जाळल्या. पाकिटाची लाख तशीच आहे, मोडलेली नाही. ह्यांच्यावर आज रागावले. गेल्यापासून पहिल्यांदा. मग त्यांच्या निळ्या शर्टाची घडी मोडली होती, ती परत घातली.

उद्या सकाळी आधी भाऊंकडे जायचं. मग वसई. भाऊ नाही म्हणाले तर


२२ फेब्रु., रविवार. वसई, कार्यालयाचा बाक

सातला भाऊंच्या घरी गेले. कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

"मोजणी थांबवायची तर तक्रार तुम्हीच मागे घेऊ शकता, भाऊ. तुमच्या हाताने. आणि खाली मंदासाठी एक ओळ, की तिने दगा दिलेला नाही. का, ते लिहायचं की नाही तुमचं तुम्ही बघा. मी तोंड उघडणार नाही. मोजणीतही नाही."

सुलभावहिनी, त्यांची बायको, चहा घेऊन दारात आल्या. "काय लिहायचंय एवढं सकाळी सकाळी?"

भाऊंनी चष्मा लावला. कागद सरळ केला. रेघ ओढली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पेन तसंच धरून बसून राहिले.

मी चहा संपवला, अकराच्या आत कागद वसईला पोचला पाहिजे एवढं सांगितलं, पण त्यांनी लिहून होईपर्यंत थांबले नाही. बस धरून वसईला आले. पाकीट टेबलावर ठेवलं, लाख तपासून घेतली, सही केली, पोच घेतली. राजेश आत बसलाय. घड्याळात दहा पन्नास. मी बाहेर बाकावर बसले आहे, रस्त्याकडे तोंड करून.