वेगळा डबा

प्रिय छोट्या,

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. ऑफिसला जाते, सर्व्हर सांभाळते, येताना भाजी आणते. लोक म्हणतात, किती खंबीर. खंबीर कसली, बधिर झालेय. तू फोनवर विचारलंस, शेवटी बाबांनी माझी आठवण काढली का, तेव्हा मी विषय बदलला.

ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, तेव्हा जुन्या रेकॉर्डिंगवरून तू तो बोलका प्रोग्राम करून दिलास. ते टाइप करत आणि कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात चहात साखर कमी म्हणून कुरकुरे. परत जाताना तू मला बजावलंस, प्रोग्रामच्या लायब्ररी, म्हणजे त्याला लागणारे तयार सुटे भाग, कॉम्प्युटरमधल्या त्यांच्या वेगळ्या कप्प्यात, तुझ्या भाषेत ‘डब्यात’ टाकायच्या, कॉम्प्युटरच्या मूळ सिस्टीमच्या लायब्ररींत मिसळायच्या नाहीत. एकाच जागी लायब्ररी बसवणारे दोन पॅकेज मॅनेजर म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. मग बाबांनी दिवसभर कॉम्प्युटरकडून ‘डबा, डबा’ वदवून मला चिडवलं.

बाबा गेले त्या आठवड्यात, सोमवारी आवाज अडखळायला लागला. एक लायब्ररी नवी करायची, दोन मिनिटांचं काम. मी डबा उघडलाच नाही, थेट सिस्टीममध्ये टाकायला गेले. कॉम्प्युटरनं अडवलं: इथला कारभार दुसऱ्या पॅकेज मॅनेजरकडे आहे, मोडलं तरी चालणार असेल तर तसं लिहा. मी लिहिलं. बारा वर्षं हेच काम करतेय, याच चुकीवरून दुसऱ्यांना झापते. जुन्या-नव्या लायब्ररींत कोणाचा पायपोस कोणाच्या पायात राहिला नाही आणि आवाज बंद पडला.

बाबांनी कागदावर लिहिलं, छोट्याला फोन लाव. मी म्हटलं, आवाज सुरू होऊ दे, मग बोला. ते मान डोलावून वाट बघत बसले. बुधवारी दुपारी मी अजून पॅकेजं निस्तरत होते आणि शेजारच्या खोलीत ते आपल्याला सोडून गेले. मला कळलं तेव्हा त्यांच्यापुढचा चहा गार झाला होता.

काल सिस्टीम पूर्ववत केली, नवी लायब्ररी तुझ्या डब्यात टाकली आणि प्रोग्राम सुरू केला. आवाज बंद असताना त्यांनी टाइप केलेलं आत साठून राहिलं होतं, ते आपोआप बोललं गेलं. “छोट्या, कसा आहेस? ताईनं डबा न उघडताच काम केलंय. तिला बोलू नकोस.” मी ते पुन्हा वदवून रेकॉर्ड केलं. रडू तेव्हाही आलं नाही. रेकॉर्डिंग सोबत आहे, ते तुझं आहे. फक्त शेवटचं तेवढं बाबांचं ऐकू नकोस. मला बोल, छोट्या.

फोनजवळ बसलेली,
तुझीच ताई