दांडा काढायचा नाही

बाबा,

मी सर्व्हिस सेंटरला निघाले आहे. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. तुमच्यासाठी गाडीत हाताने ब्रेक दाबायचा दांडा बसवला, म्हणून बिघडलेला गिअरबॉक्स वॉरंटीत बदलून मिळणार नाही, दांडा काढलात तर बघू, असं मॅनेजर म्हणतो. दांड्याने गिअरबॉक्स कसा बिघडतो ते त्याने लेखी द्यावं, तोवर मी तिथून हलणार नाही.

त्याचा फोन आला तर हो ला हो करू नका. "दांडा काढून टाकू दे त्यांना, मला तरी आता कुठे जायचंय," असं काल तुम्ही आईला म्हणालात, ते मी ऐकलं. पाय गेला तेव्हासुद्धा तुम्ही असं बोलला नव्हतात.

गाडी दुरुस्त झाली की आणायला तुम्हीच यायचं. मी शेजारी बसेन.

— धाकटी