पेट्रोलचा काटाही चढला तेव्हा

बाबा, तुमच्या गाडीत एक विचित्र गोष्ट घडते आहे, आणि जुनी गाडी चालवणाऱ्या कुणाच्याही नजरेला ती कधी ना कधी पडली असेल. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो, आणि त्याच वेळी पेट्रोलचा काटाही वर चढतो. इंजिन तापले, हे एक वेळ मान्य. पण चालत्या गाडीत पेट्रोल वाढेल कसे?

कुंभवलीच्या मेकॅनिकने फक्त लाल पट्टा पाहिला. "भाऊ, इंजिन गेला हाय. हेड उतरवला तरी पार्ट भेटनार नाय. द्या भंगारात." दादाला तेवढे पुरे झाले. त्याने उद्या सकाळसाठी टेम्पो बोलावला. "दारात हा गंज किती वर्षं सांभाळायचा?" आई मागच्या काचेवरची धूळ पदराने पुसून आत गेली.

मला आपले सरावलीचे स्वयंपाकघर आठवते. कॉलेजात असताना मी गाडी बोईसरहून आणली आणि काटा चढल्याचे ओरडत आत आलो. तुम्ही कांदा चिरत आहात. मान वर न करता विचारता, "आणि शेजारचा?" मी तो पाहिलेलाच नाही. "आमच्याकडे प्लांटवर पाळी सोपवताना कुणी एकट्या मीटरचा आकडा सांगितला, तर पुढचा गडी खुर्चीत बसत नाही. जा, बघून ये. इंजिनाला ताप आलाय की काट्याला, ते ठरव, मग बोंबल."

आज दोन्ही पाहिले. रेडिएटरमध्ये पाणी काठोकाठ होते, वाफेचा पत्ता नव्हता. या दोन्ही मीटरांना वीज डॅशबोर्डमागच्या एकाच छोट्या डबीतून मिळते, आणि तिची करामत खरोखर पाहण्यासारखी आहे: बॅटरीचा दाब कितीही हेलकावो, ही डबी तो कमी आणि एकसारखा करून पुढे देते. मात्र त्यासाठी तिचे अंग गाडीच्या पत्र्याला घट्ट टेकलेले हवे. तिथला स्क्रू गंजला, की पूर्ण दाब पुढे जातो आणि दोन्ही काटे खोटेच चढतात. तपासणी सोपी आहे. किल्ली चालू ठेवावी, तारेचे एक टोक डबीच्या बाहेरच्या पत्र्याला, दुसरे गाडीच्या उघड्या लोखंडाला टेकवावे, आणि थांबावे. हे काटे आतली विजेने तापलेली पट्टी निवेल तसे सावकाश उतरतात.

मी तार धरून ओणवा राहिलो. उतरले नसते, तर उद्या टेम्पो होताच. दोन्ही उतरले.

दादाला फोन केला, टेम्पो नको म्हणून. "बरं. मग आता खूश ना?" त्याने विचारले. मी हो म्हणालो. बाबा, तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षे मी सगळ्यांना हेच उत्तर देतो. काटे उतरले, तेव्हाही मला काहीच वाटले नाही. फक्त तार सोडावीशी वाटेना.