फक्कीचं घर

दिशा बाळा,

मावशीनं भाकरी झाकून ठेवली आहे, ती खा.

वादळानं आपलं घर पाडलं, तिथंच मंचरहून मदतीला आलेल्या पोरांनी काल पांढऱ्या फक्कीनं नवं घर आखलं. भिंती नाहीत, तरी सगळे दाराच्या जागेतूनच आत-बाहेर करतात. आजी चुलीच्या जागी बसली आणि मला म्हणाली, "लई वारं येतंय, दार लोटून घ्या."

वादळानंतर तू तिकडं आली नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण तुझी खिडकी आखायची राहिली आहे. मूठभर फक्की राखून ठेवली आहे, ती तूच आख. आज दहा वाजता पाया खोदतील, मग रेषा पुसतील.

भीती वाटली तर रेषेबाहेर थांब, मी आत आहे. आत आलीस तर चपला बाहेर काढ. आजी रागावते.

आबा