वरच्या वस्तीची बस

बुधवार, ९ ऑक्टोबर

आज नाश्त्याच्या बैठकीत टाळ्याच टाळ्या! क्लबने वरच्या वस्तीसाठी मिनीबस सुरू केली, तिला महिना झाला. अध्यक्ष – दातांचे डॉक्टर, स्वतः मात्र टोस्टच्या कडा काढून खातात – उभे राहून म्हणाले, "गाडी रोज भरून येते!" मी सेक्रेटरी, खाली मान घालून लिहीत होते. शेवटच्या खुर्चीवर ड्रायव्हरमामा. बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "येताना भरून येते. परत मात्र कोणी जात नाही."

सगळे हसले. "खाली आल्यावर वर कशाला कोण जाईल!"

मला नाही हसू आलं. एवढीशी ती वस्ती. रोज गाडीभर माणसं येतात कुठून?

गुरुवार, १०

धाकटी नणंद तिथेच दिलेली आहे. चिमी. तिला फोन केला. "खाली? कोणीच गेलं नाही, वहिनी. सगळे इथेच आहेत."

शनिवार, १२

सकाळी मुद्दाम स्टँडवर जाऊन उभी राहिले. बसमधून गिरणीवाला उतरला, त्याची बायको, मागोमाग शाळेचे मास्तर. चिमीच्या लग्नात आमच्या ह्यांचं डोकं खाल्लं होतं तेच मास्तर! म्हटलं, "ओळखलंत का?" बघत राहिले. मग हसले – उशिरा, बाजूने कोणी सांगितल्यावर हसावं तसं. तिघेही आमच्या क्लबच्या हॉलमागच्या गल्लीत निघून गेले.

तिथूनच चिमीला फोन लावला. "मास्तर? हे काय, समोर ओट्यावर बसलेत. देऊ का?" आणि दिलासुद्धा!

तोच घोगरा आवाज. "खाली यायचं होतं आज, पण बस चुकली हो. थांब थांब म्हणेपर्यंत गेली."



बुधवार, १६

बैठकीत सांगून टाकलं. अध्यक्ष म्हणाले, "सेक्रेटरीबाईंना जरा विश्रांती हवीय." हशा. कोणीतरी अंड्याचं टरफल सोलता सोलता "हूऽऽ" केलं.

नंतर जिन्यात मामांनी गाठलं. "ताई, मी कोणाला मागे टाकत नाही. दारात उभा असेल त्याला घेतो. पण गाडी हलली की आरशात दिसतं – तोच माणूस मागून हात हलवत पळत येतोय."

"आणि आत?"

"आतही बसलेला असतो." मग हळूच, "मी वर गेलो की सीटवरून उतरतच नाही."

शनिवार, १९

दारात चिमी! हातात पिशवी. "वहिनी, राहायला आले." हे एवढे खूश की स्वतः चहा टाकला – आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बहुतेक! ती कप हातात धरून बसली. वाफ गेली, साय धरली, तरी तशीच.

तेवढ्यात माझा फोन वाजला. चिमीचं नाव. "वहिनी, आज तुझ्याकडे येणारच होते गं. बस चुकली."

मी समोर बघितलं. समोरची माझ्याकडे बघून हसली. उशिरा.

यांना आत बोलावून सांगितलं. फोन हातात देईपर्यंत कट झाला होता. "काहीतरीच तुझं! कोणीतरी थट्टा करतंय."

रविवार, २०

डोळ्याला डोळा नाही. ही माझ्या घरात चादरींच्या घड्या घालतेय, आणि आमची चिमी तिकडे. तिला डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. उद्या जाणार. यांना म्हटलं, गाडी काढा. "बहीण घरात बसलेली असताना तिलाच भेटायला जायचं? वेड लागलंय का?"

मामांना विचारलं. "जायचं तर चला. पण परत येताना माझ्या गाडीत बसू नका. दुसरं काही बघा."

मंगळवार, २२

काल जाऊन आले. चिमी गळ्यात पडली. घट्ट. "नको जाऊस, वहिनी," म्हणाली. पण घर सोडून राहणार कशी? दुसरं वाहन मिळालं नाही. बस मिळाली. खिडकीची जागा. मामांनी तिकीट दिलं, माझ्याकडे बघितलं नाही.

सगळं ठीक आहे. उगाच घाबरले होते.

बुधवार, २३

बैठक. दुसरी बस घ्यायचा ठराव. सगळ्यात आधी माझा हात वर.

गुरुवार, २४

हे आंघोळीला गेले होते. यांचा फोन वाजला, मी उचलला. चिमी. "दादा, किती लावतेय फोन! इथे दोन दिवस टॉवर बंद होता. सोमवारी वहिनीची बस चुकली रे. रडून रडून अर्धी झालीय. गाडी घेऊन लवकर ये."

मागे कोणीतरी हुंदके देत होतं. आवाज माझाच.

"हॅलो? दादा? कोण बोलतंय?"

"राँग नंबर," म्हटलं, आणि ठेवला.